वडगाव ते कणकुंबी : चार दिवस चालत, झडपेसाठी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सात जण बेळगावच्या वडगावातून चालत निघालो आणि चौथ्या दिवशी कणकुंबीला पोचलो. साधारण 68 किलोमीटर. सातातले तिघं हृदयाचे पेशंट. मी एक, माझ्या छातीत अकरा वर्षं यांत्रिक झडप आहे. दुसरे आमच्या गल्लीतले रिटायर्ड ड्रायव्हरकाका, त्यांना दोन स्टेंट. तिसरी एक कॉलेजची पोरगी, लहानपणी हृदयाला भोक होतं ते डिव्हाइस घालून बंद केलंय. बाकी माझा नवरा, नणंद, एक नर्स मैत्रीण आणि मागून जीप चालवणारा भाचा.

पैशाचं असं ठरवलेलं, की ओळखीच्यांनी आमच्या दर किलोमीटरमागे 10 रुपये द्यायचे आणि वाटेत भेटेल त्याने मनाला येईल ते. जमेल त्यातले निम्मे आसपासच्या झडपेच्या पेशंटांच्या रक्ततपासणीला आणि निम्मे संशोधनाला, म्हणजे हृदयाच्या झडपांवर काम करणाऱ्या एका विभागाला. हे दुसरे निम्मे ऐकलं की लोकांचा चेहरा बदलायचा. त्याबद्दल पुढे लिहितेच.

पहिला दिवस : वडगाव, यळ्ळूर, राजहंसगड

सकाळी सहाला निघालो तेव्हा गल्लीत दोन घरांत माग सुरू झाले होते. आमच्या वडगाव-शहापूर भागात विणकरांची वस्ती, मी मागाच्या खटखटीतच वाढले. दहाव्या वर्षी मला ताप यायचा, आज गुडघा सुजायचा, तो उतरला की कोपर, मग घोटा. घरच्यांनी संधिवात म्हणून तेल लावलं. एका डॉक्टरांनी वाढीचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी घसा दुखला होता का हे कुणी विचारलंच नाही. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू होतात, शरीर त्यांच्याशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं, यालाच र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात. सांधे बरे होतात, झडप होत नाही. सत्तावीसाव्या वर्षी दोन जिने चढले की धाप लागायला लागली तेव्हा कळलं, की डाव्या बाजूची मायट्रल झडप आवळून बटणाच्या काजाएवढी झालीय.

यळ्ळूरच्या शिवारात भात निघालेलं, काही वाफ्यांत मसूर नुकता उगवून आलेला. धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त टोपी दिसत होती. दुपारी राजहंसगडावर गेलो, चढ मी अगदी सावकाश घेतला, बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग, हे माझ्या डॉक्टरांनी घालून दिलेलं माप. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, आणि वारा असा की ओढणी सांभाळता येईना.

रात्री यळ्ळुरात नणंदेच्या ओळखीच्या घरी उतरलो. जेवणात घरच्या बासमतीचा भात (यळ्ळूर-शहापूरकडचा बासमती ज्याने खाल्लाय त्याला वास सांगायला नको), मसूर आमटी, खर्डा आणि ताट भरून लाल माठाची भाजी. काकू वाढत सुटल्या. मी हात आडवा धरला तर त्यांना वाटलं भाजी आवडली नाही.

"अगं आजारी माणसानं पालेभाजी खायची असते, घे की!"

मग सांगावं लागलं. यांत्रिक झडपेवर रक्त गोठू नये म्हणून मी रोज संध्याकाळी सातला असिट्रॉमची गोळी घेते. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नसते, फक्त रोज साधारण सारखी खायची, एक दिवस ताटभर आणि पुढे आठ दिवस काहीच नाही असं चालत नाही. म्हणून मी रोजच्यासारखी एक वाटी घेतली, आणि काकूंनी दुसऱ्या कुणाला न देता तीच वाटी दोनदा चेपून भरली.

अंगणात गवताची गंजी रचलेली होती, त्या घरचे काका म्हणाले पावसात भिजलेलं गवत वेगळं काढलंय, बुरशी आली की जनावराला बाधतं. मला राहवलं नाही. कारण माझी गोळी ज्या जातीची आहे ती अशाच कुजलेल्या चाऱ्यातून निघाली. अमेरिकेत आणि कॅनडात 1920 च्या दशकात स्वीट क्लोव्हर नावाचा ओला राहून बुरसलेला चारा खाऊन गुरं मरायला लागली, जरा खरचटलं तरी रक्त थांबेना. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. तिथे कार्ल लिंक नावाचे संशोधक होते. त्यांच्या लोकांनी सहा-सात वर्षं त्या चाऱ्याच्या मागे लागून आतला पदार्थ वेगळा काढला, पुढे त्यातूनच वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध आलं आणि माझी असिट्रॉम त्याच कुळातली. काका गंजीला टेकून सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे त्या शेतकऱ्यानं कालवड पुरून टाकली असती तर?" मग उठून आत गेले आणि आमच्या देणगीच्या डब्यात 500 रुपये टाकले. त्या डब्यातली ती पहिली मोठी नोट.

*झडपवाल्यांसाठी :* प्रवासाला निघायच्या आठवडाभर आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासून घ्या. मला डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 च्या मध्ये ठेवायला सांगितलंय, प्रत्येकाचा आकडा झडपेप्रमाणे वेगळा असतो, तेव्हा माझा डोस बघून तुमचा ठरवू नका. खिशात एक कार्ड ठेवा, त्यावर कुठली झडप, कुठली गोळी, घरचा फोन. आमच्याकडे ते मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहून ठेवा, अपघातात कोण उचलेल सांगता येत नाही.

दुसरा दिवस : नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, खानापूर

देसूरच्या पुढे चहाला थांबलो आणि पिशवीत हात घातला तर गोळ्यांची डबी नाही. रात्री गोळी घेऊन ती काकूंच्या फळीवर ठेवली आणि तिथेच राहिली. माझे हातपाय गार पडले. एक डोस हुकला तर लगेच काही होतंच असं नाही, पण वाटेत दुकानात नेमकी तीच ताकद मिळेल याचा भरवसा नसतो. नवऱ्याने फोन लावला. गर्लगुंजीच्या अलीकडे मोटरसायकलचा हॉर्न ऐकू आला, काकूंचा मुलगा. डबी हातरुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलेली, आणि वर मांडीवर पिशवीत उकडलेली रताळी. "आईनं सांगितलंय, गोळी आधी हातात द्यायची, रताळी मागनं." तेव्हापासून गोळ्या दोन ठिकाणी ठेवते, अर्ध्या माझ्याकडे अर्ध्या नवऱ्याकडे. तुम्हीही ठेवा.

त्याआधी नंदिहळ्ळीत जे झालं ते सगळ्यात महत्त्वाचं. देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो, बायका जमल्या, आमच्या टी-शर्टवरचं हृदय बघून विचारायला लागल्या. एक जण म्हणाली, "काय ओ ताई, कणकुंबीपर्यंत चालतच जाऊलालाय काय?" तिच्या मागे अकरा-बारा वर्षांचा पोरगा, एक पाय जरा उचलून धरून उभा. सहज विचारलं तर म्हणाली, पंधरा दिवस झाले, आधी हा गुडघा, आता तो घोटा, रात्री ताप. मी विचारलं घसा दुखलेला का. तिने जरा आठवलं आणि म्हणाली, हो ओ, दिवाळीच्या जरा नंतर, गिळता येत नव्हतं, मिठाच्या गुळण्या केल्या.

माझ्या अंगावर काटा आला. दहा वर्षांची मीच तिथे उभी असल्यासारखं झालं. आमच्या नर्सबाईंनी त्याचा घोटा बघितला, गरम लागत होता. तिने त्या आईला बाजूला घेऊन नीट समजावलं, की घाबरू नका पण उद्याच खानापूरला तालुका हॉस्पिटलात दाखवा, घसा दुखलेला हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आणि हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, करायची का ते विचारा. कागदावर कन्नडमध्ये लिहूनही दिलं. पोरगा सारखा माझ्या छातीकडे बघत होता, त्याला कुणीतरी सांगितलेलं आत मशीन आहे म्हणून. मी त्याला जवळ बोलावलं आणि कान लावायला सांगितलं. त्याने कान लावला, श्वास धरून ऐकलं. "घड्याळ हाय!" म्हणाला. मग त्याच्या आईनेही ऐकलं.

माझ्या झडपेचा आवाज तसा हळू आहे. चित्रा झडप आहे, तिच्यातली हलणारी तबकडी खास प्लास्टिकची असते म्हणून दुसऱ्या काही झडपांसारखी कडक टकटक होत नाही. दिवसाला लाखभर वेळा ती उघडते आणि मिटते. ऑपरेशननंतर पहिले सहा महिने मी उशी कानावर घेऊन झोपायचे, आता तो आवाज नसला तर झोप येणार नाही.

खानापुरात संध्याकाळी एका ओळखीच्या गुरुजींकडे गेलो, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी पत्रक पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "एखाद्या लेकराच्या ऑपरेशनला मागा, आत्ता पाच हजार देतो. संशोधनाला कशाला? तिथं पैसा जातो कुठं ते दिसत नाही."

हा प्रश्न चार दिवसांत निदान वीस जणांनी विचारला असेल आणि मला तो चुकीचा वाटत नाही. लेकराचा फोटो दिसतो, बिल दिसतं, बरं होऊन घरी आलेलं पोर दिसतं. पण मी गुरुजींना माझ्याच झडपेचं सांगितलं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या टीमने ती बनवली. तेव्हा बाहेरची झडप साध्या घरच्या माणसाला परवडायची नाही. त्यांचं पहिलं मॉडेल फसलं. दुसरं फसलं. तिसऱ्यात कृत्रिम नीलमाची तबकडी होती, तेही फसलं. म्हणजे वर्षांमागून वर्षं पैसा गेला आणि दाखवायला हातात काही नाही, त्या वेळी कुणी विचारलं असतं की पैसा कुठं गेला तर काय सांगणार होते? चौथं मॉडेल टिकलं. 6 डिसेंबर 1990 ला ते पहिल्यांदा माणसाला बसवलं. आजवर एक लाखाहून जास्त लोकांना बसलीय, त्यात वडगावच्या विणकराची मुलगी एक. त्या तीन फसलेल्या मॉडेलांचे पैसे कुणीतरी दिले म्हणून मी तुमच्यासमोर बसलेय गुरुजी, असं म्हणताना माझा आवाज भरून आला.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर पाच हजार दिले, पण म्हणाले तपासणीच्या वाट्यात लिहा, संशोधनाचं मी अजून विचार करतो. तसंच लिहिलं. देणाऱ्याने सांगितलं तिथेच पैसा गेला पाहिजे. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवा, वेगळं खातं काढा, पावती तिथल्या तिथे द्या. आणि 80 जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत कुणाच्या नावाने मिळेल ते आधीच विचारून ठेवा, वाटेत प्रत्येक दुकानदार हे विचारतो.

तिसरा दिवस : खानापूर ते जांबोटी

आज नदी जवळ होती. मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि खानापूरवरून पुढे सौंदत्तीकडे जाते, म्हणजे आम्ही तिच्या उलट्या दिशेने निघालेलो. जंगल दाट होत जातं, रस्त्यावर ऊन कवडशांनी पडतं, माणसं कमी. गवे आणि अस्वलं असलेला भाग आहे, सकाळी उजाडल्याशिवाय आणि अंधार पडल्यावर पायी जाऊ नका, हे आम्हाला दोन गावांत वेगवेगळ्या लोकांनी बजावलं.

अकराच्या सुमारास चढावर ड्रायव्हरकाका मागे पडले. बघितलं तर घामाने भिजलेले, एवढ्या थंडीत, आणि हात छातीवर. म्हणाले काही नाही, सकाळचं उप्पीट बसलंय. नर्सबाईंनी ऐकलंच नाही. लगेच खाली बसवलं, त्यांच्या डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी दिली आणि जीपमधून उलटं खानापूरला नेलं. तिथे ईसीजी काढला, पुन्हा काढला, रक्त तपासलं, तिथून डॉक्टर बेळगावला पाठवा म्हणाले. रात्री नर्सबाईंचा फोन आला की अ‍ॅटॅक नाहीये, पण दोन दिवस ठेवून घेणार. काकांना सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल तर आपले 30 किलोमीटर राहिले याचं. फोनवर लहान मुलासारखे म्हणाले, "माझ्या नावाचे पैसे लोक कापतील की ग." एकानेही कापले नाहीत. उलट त्यांच्या जुन्या डेपोतल्या लोकांनी राहिलेल्या किलोमीटरांचे पैसे दुप्पट केले.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगते. छातीत जड वाटलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला तर उप्पीट, अ‍ॅसिडिटी, गॅस यावर वेळ घालवू नका. कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार 2021 च्या ऑक्टोबरमध्ये 46 व्या वर्षी गेले, त्यांच्या नावाने कर्नाटकात हृदय ज्योती योजना आहे, तालुका हॉस्पिटलात ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं महाग इंजेक्शन गरज असेल त्याला फुकट. आपल्या तालुक्यात ते कुठे मिळतं हे बरं असतानाच विचारून ठेवा.

दुपारी माझ्या पोटरीला काटेरी फांदी लागली. दोन बोटांएवढं खरचटणं, पण माझं रक्त लवकर थांबत नाही. पाय वर करून, घडी केलेलं फडकं घट्ट दाबून वीस मिनिटं बसले, सारखं उघडून बघायचं नाही हे मी शिकलेय. एक धनगर मामा शेळ्या घेऊन चालले होते, ते पाला चुरून आणतो म्हणाले, मी नको म्हटलं तर शेळ्या पुढे पाठवून रक्त थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले. निघताना कमरेच्या पिशवीतून वीस रुपये काढले. मी घेईना. "माझी बायको धाप लागून गेली," म्हणाले, "काय झालेलं ते कळलंच न्हाई." वहीत त्यांचं नाव लिहायला गेले तर नको म्हणाले, बायकोचं सांगितलं. तिचं लिहिलंय.

जांबोटीत रात्री पाय ठणकत होते. घरच्या वहिनींनी प्रेमाने दुखण्याची गोळी आणून दिली. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या रक्त पातळ करण्याच्या गोळीबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसले. त्याच घरातल्या भाऊजींनी विचारलं, आमच्या पाहुण्याला रक्त पातळ करायची नवीन गोळी दिलीय, तपासणीची कटकट नाही, तुम्ही तीच का घेत नाही? मी पण एकदा डॉक्टरांशी यावरून भांडलेले. तेव्हा त्यांनी सांगितलं, यांत्रिक झडपेच्या पेशंटांवर डॅबिगॅट्रन नावाची नवीन गोळी वापरून बघितली होती, 2013 मध्ये निकाल छापून आला. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. म्हणजे त्या पेशंटांनी स्वतःवर करून बघितलं म्हणून मला आज कळतं की ती गोळी माझ्यासाठी नाही. नवीन औषध सापडणं जेवढं मोठं तेवढंच हेही मोठं, असं मला मनापासून वाटतं. त्या लोकांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

चौथा दिवस : कणकुंबी

जांबोटी सोडली तेव्हा तोंडातून वाफ येत होती. आज पाचच जण, काका आणि नर्सबाई बेळगावात. कॉलेजची पोरगी पूर्ण वाट पुढे होती, तिच्या आईने तिला शाळेत कधी धावू दिलं नाही, हृदयाची म्हणून. भोक बंद होऊन डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं तरी घरात ती हृदयाचीच राहिली. कणकुंबीचं वळण आलं तशी ती धावायला लागली. आम्ही कुणी थांबवलं नाही. तिने फोनवर आईला व्हिडिओ पाठवायचा प्रयत्न केला, पण तिथे रेंज नव्हती.

कणकुंबी 792 मीटरवर आहे, पावसाळ्यात इथला पाऊस बघण्यासारखा, डिसेंबरात मात्र सगळं स्वच्छ आणि गार. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. कुंडाचं पाणी हातात घेतलं तर बोटं बधिर झाली. खानापुरात पुलाखालून जाते ती हीच, इथे ओंजळीएवढी. देवळात एक म्हातारी कन्नड बोलणारी आजी बसलेली, "ऊट आयता?" (जेवण झालं का?) म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता प्रसादाचा नारळ फोडून वाटला.

तिथेच पायरीवर डबा उघडला. यूपीआयचे, वहीतले, डब्यातले धरून 1,43,270 रुपये. संशोधनाच्या वाट्याला निम्मे आले नाहीत, तिसरा हिस्सा आला, कारण बऱ्याच जणांनी गुरुजींसारखंच सांगितलं. तरी आला. संध्याकाळी सातला मी कुंडाजवळच गोळी घेतली.

येताना बसने आलो. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचं तिकीट लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. चोर्ल्याकडून येणाऱ्या गाड्या संध्याकाळी भरून येतात, शक्य असेल तर सकाळची पकडा, आम्ही जांबोटीपर्यंत उभ्याने आलो.

आल्यानंतर

काका घरी आलेत, गोळ्या बदलल्यात, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालतात. माझा आयएनआर 2.8. गुरुजींचा परवा फोन आला होता, संशोधनाचं काही वाचायला असेल तर मराठीत पाठवा म्हणाले. आता ते लिहायला बसलेय.

नंदिहळ्ळीच्या पोराची आई स्वतःहून फोन करेल असं वाटलं नव्हतं, तिने केला. खानापूरहून बेळगावला चिठ्ठी दिली, इको झाली. मायट्रल झडपेला थोडी गळती आहे, थोडीच, ऑपरेशनचं नावसुद्धा नाही. पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू केलंय, दर 21 दिवसांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षं, म्हणजे पुन्हा घसा बिघडून झडपेवर घाव बसायला नको. इंजेक्शन फार दुखतं म्हणून तो रडला म्हणे. पुढच्या इंजेक्शनला मी बरोबर येते म्हणून सांगितलंय. तारीख कॅलेंडरवर माझ्या तपासणीच्या तारखेखालीच लिहिली आहे.